क्षयरोगाचा उपचार मध्येच का सुटतो? : भंडारा जिल्ह्यातील कामाचे हंगाम आणि औषधाचे सहा महिने

क्षयरोगाची औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात. ती सहा महिने नियमितपणे घेतल्यास बहुसंख्य रोगी बरे होतात. आणि तरीही काही रोगी ती मध्येच सोडून देतात. ही गोष्ट प्रथमदर्शनी कोड्यासारखी वाटते. या कोड्याचे सोपे उत्तर असे दिले जाते की, रोगी अडाणी, आळशी अथवा बेफिकीर असतो. प्रस्तुत लेखात हे उत्तर तपासून पाहावयाचे आहे. भंडाऱ्यासारख्या, धानाच्या पिकावर आणि अंगमेहनतीच्या मजुरीवर चालणाऱ्या जिल्ह्यात औषधाचे सहा महिने आणि कामाचे हंगाम एकमेकांशेजारी मांडून पाहिले, तर वरील उत्तर अपुरे, किंबहुना दिशाभूल करणारे आहे, असे वाचकांच्या ध्यानात येईल.

हा प्रश्न केवळ त्या रोग्यापुरता नाही. जगातील एकूण क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. अर्धवट उपचार झालेला रोगी पुन्हा खोकू लागला म्हणजे त्याच्या घरातील मुले, त्याच्या शेजारी झोपणारी वृद्ध माणसे आणि त्याच्याबरोबर काम करणारे मजूर या सर्वांनाच संसर्गाचा धोका उत्पन्न होतो.

१. सहा महिने कशासाठी?

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयजंतूंच्या शोधाची घोषणा केली. हा जंतू अत्यंत मंदगतीने वाढतो. अन्य अनेक जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. क्षयजंतूस त्याकरिता सुमारे एक दिवस लागतो. शिवाय शरीरातील सर्व क्षयजंतू एकाच अवस्थेत नसतात. काही झपाट्याने वाढत असतात, तर काही जवळजवळ निद्रिस्त असतात. बहुतेक औषधे वाढत्या जंतूंवर त्वरित परिणाम करतात. निद्रिस्त जंतूंचा नाश मात्र दीर्घकाळ औषध चालू ठेवल्यासच होतो. याच कारणास्तव पहिले दोन महिने चार औषधे (आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल) आणि त्यापुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे देण्याची पद्धत आहे.

एकापेक्षा अधिक औषधे एकदम का द्यावी लागतात, हेही येथे सांगणे अवश्य आहे. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या सुविख्यात परीक्षणात औषध दिलेल्या ५५ रोग्यांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४ दगावले. परंतु पुढील पाच वर्षांत हा लाभ बराचसा ओसरला, कारण एकाच औषधास न जुमानणारे जंतू शिल्लक राहून फोफावले. फुप्फुसातील एखाद्या पोकळीत कोट्यवधी जंतू असतात आणि त्यांतील मोजके जंतू कोणत्या तरी एका औषधास स्वभावतःच दाद देत नाहीत. दोन-तीन औषधे एकत्र दिली म्हणजे एकातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो.

या विवेचनातून प्रस्तुत विषयास उपयुक्त असा एक निष्कर्ष निघतो. वाढते जंतू आरंभीच मरत असल्यामुळे ताप, खोकला व अशक्तपणा ही लक्षणे पहिल्या काही आठवड्यांत, उशिरात उशिरा दोन महिन्यांच्या सुमारास, बहुतांशी नाहीशी होतात. रोग मात्र नाहीसा झालेला नसतो. म्हणजे रोग्याचे शरीर त्यास जी साक्ष देते ती, आणि वैद्यकशास्त्र जे सांगते ते, यांच्यामध्ये चार महिन्यांचे अंतर पडते. उपचार सुटतो तो बहुधा याच अंतरात.

२. पूर्वानुभव काय सांगतो?

१९५६ साली मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. त्याआधी आरोग्यधामातील विश्रांती, सकस आहार व स्वच्छ हवा यांस उपचाराचे मुख्य अंग मानले जाई. मद्रासच्या केंद्राने दाट वस्तीतील गरीब रोग्यांचे दोन गट केले. एका गटास आरोग्यधामात ठेवले, तर दुसऱ्यास घरीच औषधे दिली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून घरी उपचार घेणारे रोगीही जवळजवळ तितक्याच प्रमाणात सुधारतात आणि त्यामुळे घरच्यांना संसर्गाचा धोका विशेष वाढत नाही, असे सिद्ध झाले. रुग्णालयातील खाटांची टंचाई असलेल्या देशास हा मोठाच दिलासा होता. परंतु त्याबरोबरच औषध नियमितपणे पोटात जाते की नाही हा प्रश्न रुग्णालयातून उठून रोग्याच्या घरात आला. त्या केंद्राचे एक प्रमुख संशोधक वॉलेस फॉक्स यांनी हा धोका त्याच काळात स्पष्टपणे मांडला होता.

१९६३ साली देबबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील पाहणी प्रसिद्ध केली. खेड्यातील माणसास रोगाची जाणीवच नसते, असा त्या काळी समज होता. पाहणीत निराळेच आढळले. क्षयाची लक्षणे असणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक आधीच दवाखान्यात जाऊन आले होते. तेथून त्यांना बहुधा खोकल्याचे औषध देऊन परत पाठविण्यात आले होते. दोष रोग्याच्या अज्ञानाचा नसून व्यवस्थेच्या दुर्लक्षाचा असू शकतो, हा त्या पाहणीचा धडा आजही उपयुक्त आहे.

१९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम जिल्हानिहाय सुरू झाला. १९९२ मधील आढाव्यात निम्म्याहूनही कमी रोगी उपचार पूर्ण करीत असल्याचे दिसून आले. त्यानंतर कार्यकर्त्याच्या समक्ष औषध गिळावयास लावण्याची पद्धत, जी ‘डॉट्स’ या नावाने सर्वपरिचित झाली, ती १९९३ पासून प्रायोगिक रीत्या आणि २००६ पर्यंत सर्व देशभर आली. पूर्वी आठवड्यातून तीनदा दिली जाणारी औषधे पुढे, २०१७ च्या सुमारास, दररोज एकत्रित गोळीच्या स्वरूपात देण्यास आरंभ झाला. या सुधारणांमुळे परिस्थिती पुष्कळच पालटली. तथापि औषध सोडणारे रोगी शून्यावर आले नाहीत. आणि जे उरले ते कोण, हे पाहणे आता अधिक अगत्याचे झाले आहे.

३. भंडारा जिल्ह्याचे श्रमपंचांग

वैनगंगेच्या दोहों तीरांवर पसरलेल्या या जिल्ह्यातून १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आजच्या भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लक्ष आहे. धान हे मुख्य पीक, तळी व बोड्या हा त्याचा आधार. त्याच्या जोडीला बिड्या वळणे, तेंदूपत्ता व मोहफुले गोळा करणे, कोशाचे विणकाम आणि तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीजच्या खाणी यांवर अनेक कुटुंबांची गुजराण होते.

भूमिहीन अथवा अल्पभूधारक कुटुंबाचे वर्ष असे जाते. एप्रिलच्या सुमारास मोहफुले वेचावयाची. मे महिन्यात पहाटेच रानात जाऊन तेंदूची पाने तोडावयाची आणि सत्तर पानांचे एक अशी पुडकी बांधून फळीवर पोचवावयाची. हा हंगाम काही आठवड्यांचाच असतो. जूनमध्ये पऱ्हे टाकले जातात, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत कापणी, बांधणी व चुरणे. त्यानंतर उन्हाळी धान असेल तेथे पुन्हा रोवणी. नसेल तेथे नागपूरकडील बांधकामे किंवा वीटभट्ट्या.

या पंचांगावर औषधाचे सहा महिने ठेवून पाहावे. वर्षातील कोणत्याही तारखेस उपचारास आरंभ केला तरी तेंदू, रोवणी वा कापणी यांपैकी निदान एक हंगाम त्या सहा महिन्यांत आल्यावाचून राहत नाही. मे महिन्यात आरंभ केल्यास तीनही हंगाम त्यात सापडतात. आणि हे हंगाम साधे कामाचे दिवस नव्हेत. वर्षाच्या मिळकतीतील मोठा वाटा त्याच मोजक्या दिवसांत मिळवावयाचा असतो. तो हंगाम चुकला तर तो पुढील वर्षीच येतो.

एक काल्पनिक, परंतु सर्वस्वी संभाव्य उदाहरण घेऊ. मोहाडी तालुक्यातील एका मजूर स्त्रीस हिवाळ्यापासून खोकला येत आहे. ती फावल्या वेळात बिड्या वळते. त्यामुळे ‘तंबाखूचा ठसका आहे’ असे तिला व इतरांनाही वाटते. गावातल्या डॉक्टरकडून दोन-तीनदा औषध आणून झाल्यावर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात थुंकीची तपासणी होते आणि क्षयाचे निदान होते. ती औषध इमानाने सुरू करते. जूनअखेर ताप थांबतो, अन्न गोड लागते, वजन थोडे वाढते. दोन महिन्यांनंतरच्या तपासणीत थुंकीत जंतू दिसत नाहीत. घरातील सर्वांना हायसे वाटते. आणि नेमक्या त्याच आठवड्यात पाऊस लागून रोवणी सुरू होते.

रोवणी पुष्कळदा गुत्त्याने केली जाते. दहा-बारा बायांची टोळी एकरावर काम घेते आणि मिळालेली रक्कम वाटून घेते. टोळीतील एक बाई औषध आणण्यासाठी अर्धा दिवस गेली तर नुकसान तिचे एकटीचे होत नाही. शिवाय ‘कशासाठी गेलीस?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि क्षयाचे नाव निघाल्यास पुढच्या हंगामात टोळीत जागा मिळेल की नाही, याची तिला शाश्वती नसते. घरातील गोळ्या संपतात. ‘उद्या जाईन’ म्हणता म्हणता चार आठवडे लोटतात. त्या चार आठवड्यांत तिला काहीही होत नाही. ती बांध्यांमध्ये चिखलात वाकून दिवसभर राबते आणि तरीही खोकला येत नाही. औषधाची गरज उरलेली नाही, याचा याहून मोठा पुरावा तिला कोणता हवा?

या स्त्रीस अडाणी म्हणता येईल काय? तिने आपल्या अनुभवावरून तर्कशुद्ध अनुमान काढले आहे. ते चुकीचे आहे, परंतु ते चुकीचे का आहे हे निद्रिस्त जंतूंची हकीकत समजल्यावाचून कळण्यासारखे नाही. आणि ती हकीकत तिला बहुधा कोणी सांगितलेली नसते.

४. अन्य कारणे

कामाचा हंगाम हे एकमेव कारण नव्हे. पण इतर कारणेही त्याच्याशी गुंतलेली असतात.

औषधांचा त्रास हे त्यांपैकी पहिले. मळमळ, सांधेदुखी, हातापायांची आग, क्वचित कावीळ, असे परिणाम संभवतात. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते. हे निरुपद्रवी असले तरी ज्यास आधी सांगितले नाही तो रक्त जाते असे समजून घाबरतो. विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात ‘औषध गरम पडते’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. ती हसण्यावारी नेल्यास रोगी पुन्हा तक्रार करीत नाही; तो गोळ्या बाजूस ठेवतो.

दुसरे कारण भुकेचे. रोग हटू लागला म्हणजे भूक परत येते, ही खरे तर शुभ खूण होय. परंतु ज्या घरात धान्य मोजून शिजते, तेथे एकाची वाढलेली भूक म्हणजे दुसऱ्याच्या ताटातील घास होय. रिकाम्या पोटी गोळ्या घेऊन मळमळणाऱ्या मजुरास ‘चांगले खा’ हा उपदेश थट्टेसारखा वाटतो. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोग्यांस व त्यांच्या कुटुंबीयांस दरमहा शिधा देण्यात आला. कुटुंबीयांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण त्यामुळे लक्षणीयरीत्या घटले आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. शासनाच्या निक्षय पोषण योजनेखाली एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये देण्याची तरतूद आहे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी प्रतिदिन ३१२ रुपये होती. म्हणजे हे साहाय्य महिन्याकाठी सुमारे तीन दिवसांच्या मजुरीइतके झाले. ते उपयुक्त आहेच. परंतु बुडालेल्या हंगामाची भरपाई त्यातून होत नाही, हेही उघड आहे.

तिसरे कारण लपवणुकीचे. विशेषतः नवविवाहित स्त्री, लग्नाची मुलगी आणि सासरी नांदणारी सून यांच्या बाबतीत रोगापेक्षा रोगाचे नाव अधिक भयंकर ठरते. सून उपचारासाठी माहेरी जाते. औषधाची नोंद मात्र सासरच्या केंद्रात राहते. समक्ष औषध देण्याच्या पद्धतीने अनेकांस सांभाळून नेले हे खरे. तथापि कार्यकर्ता दारात येणे म्हणजेच गावास बातमी कळणे, असे मानणाऱ्यांना त्याच पद्धतीने दूर लोटले, हेही नाकारता येत नाही.

तमिळनाडूतील तिरुवल्लूर जिल्ह्यात २००० साली उपचार सुरू झालेल्या रोग्यांच्या अभ्यासात पुरुष, मद्यपी, पूर्वी एकदा उपचार घेतलेले आणि आरंभापासूनच अनियमित असलेले रोगी अधिक प्रमाणात औषध सोडतात असे आढळले. त्यातील आणखी एक निष्कर्ष मननीय आहे. जे स्वतः होऊन दवाखान्यात आले नव्हते, तर घरोघरीच्या पाहणीत सापडले होते, तेही अधिक प्रमाणात गळाले. दुखणे ज्यास फारसे जाणवलेच नव्हते, त्यास औषधाचे महत्त्व पटविणे अधिक कठीण असते. घरोघर जाऊन रोगी शोधण्याच्या मोहिमा आज वारंवार होतात. अशा रोग्याकडे दुप्पट लक्ष पुरविले नाही तर शोधाचे श्रम व्यर्थ जाण्याचा संभव आहे.

शेवटी देणाऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशातील अनेक राज्यांत क्षयाच्या नेहमीच्या औषधांचा तुटवडा पडला होता. मजुरी बुडवून आलेल्या रोग्यास ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगावे लागले, तर उपचार कोणी सोडला असे म्हणावयाचे?

५. शब्दाचा दोष आणि परतीची वाट

औषध सोडणाऱ्यास इंग्रजी नोंदींत वर्षानुवर्षे जो शब्द वापरला गेला, त्याचा अर्थ ‘कर्ज बुडविणारा’ असाही होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या सुधारित व्याख्यांत तो काढून टाकला आणि सलग दोन महिने वा अधिक काळ उपचार खंडित झालेल्या रोग्यास ‘संपर्काबाहेर गेलेला’ अशा अर्थाची संज्ञा दिली. हा केवळ शब्दच्छल नव्हे. बुडव्याकडे वसुलीसाठी जावयाचे असते. संपर्काबाहेर गेलेल्याचा शोध घ्यावयाचा असतो.

येथे वैद्यकशास्त्रातील एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. औषध सोडले की रोग लगेच असाध्य होतो, असा धाक रोग्यास घातला जातो. वस्तुस्थिती अशी की, सर्व औषधे एकदमच थांबविलेल्या रोग्यात रोग उलटला तरी त्याचे जंतू पुष्कळदा जुन्याच औषधांना दाद देतात. अधिक घातक असते ते कधी घेणे, कधी टाळणे, अथवा चारांतील एक-दोनच घेणे. कारण त्यातूनच प्रतिरोधी जंतूंची निवड होते. प्रतिरोधी क्षयाचा उपचार पूर्वी दीड-दोन वर्षे चाले आणि त्यातील काही इंजेक्शनांमुळे बहिरेपणही येई. २०२४ साली भारताने सहा महिन्यांच्या नव्या उपचारास मान्यता दिली आहे. तथापि तीही औषधे सोसावयास सोपी नाहीत. तात्पर्य, चार आठवड्यांनी वा चार महिन्यांनी परत आलेला रोगी हा बहुतांशी अजून बरा होऊ शकणारा रोगी असतो. त्यास दारातच रागावणे म्हणजे त्यास पुन्हा घरी पाठविणे होय. आमच्या उदाहरणातील स्त्री रोवणी संपल्यावर ऑगस्टअखेर केंद्राच्या दारापर्यंत येईल की नाही, हे तिला तेथे काय ऐकावे लागेल असे वाटते, यावर पुष्कळसे अवलंबून आहे.

६. काय करता येईल?

यावरून सुचणारे उपाय खर्चिक नाहीत. निदानाच्या दिवशी नाव, वय, वजन यांबरोबरच ‘येत्या सहा महिन्यांत आपण कोणत्या कामावर, कोणत्या गावी असाल?’ हा प्रश्न विचारून त्याची नोंद करावी. त्या उत्तरावरून औषधाचे वेळापत्रक आखावे. रोवणीस वा वीटभट्टीवर जाण्यापूर्वी पुरेशा दिवसांच्या गोळ्या हाती द्याव्यात. रोगी दुसरीकडे जाणार असल्यास तेथील केंद्रास आधीच कळवावे. हंगामात औषध देण्याची वेळ संध्याकाळची ठेवावी. आणि विशेषतः दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस, थुंकी स्वच्छ आल्याचा आनंद सांगतानाच, आशा कार्यकर्तीने अथवा परिचारिकेने रोग्याजवळ बसून निद्रिस्त जंतूंची हकीकत त्याच्या बोलीत सांगावी. धानाच्या प्रदेशात ती समजावयास कठीण नाही. बांधीतील गवत वरवर कापले तर चार दिवस बांधी स्वच्छ दिसते. मुळे राहिली असतील तर पुढच्या पावसात गवत पुन्हा वर येते. पहिले दोन महिने कापण्याचे आणि पुढील चार महिने मुळे काढण्याचे, इतके सांगितले तरी पुरेसे आहे.

औषध शोधून काढण्याचे कार्य प्रयोगशाळांनी केले. ते शेवटच्या गोळीपर्यंत पोचविण्याचे कार्य मात्र गावाचे पंचांग ज्याला ठाऊक आहे त्यानेच करावयाचे आहे. रोग्याने औषधासाठी आपले काम सोडावे अशी अपेक्षा दीर्घकाळ केली गेली. औषधाने रोग्याच्या कामाशी जुळवून घ्यावे, असा प्रयत्न पूर्ण सहा महिने झाला, तर उपचार मध्येच सोडणाऱ्यांपैकी पुष्कळजण वस्तुतः सोडणारे नव्हतेच, असे आढळून येईल.